सव्य टोक

“बेरजेचा आलेख कुठंय?” थत्ते सरांनी विचारलं.

त्यांच्या टेबलावर मी एकोणीस पानं मांडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सभेत जे काही दाखवायचं होतं, ते सगळं त्यात होतं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, एकेक पान नाकाजवळ धरून वाचलं, दोनदा मान हलवली. शेवटचं पान उलटून त्याची कोरी पाठ बघितली आणि मग हा प्रश्न विचारला.

“बेरजेचा नाही काढला, सर. दाखवायची तर वजाबाकी आहे.”

“हो. पण बेरीज कुठंय?”

“बेरीज सगळ्यांना माहीत आहे. वीस वर्षांपासून माहीत आहे.”

“मग काढायला काहीच हरकत नाही,” सर म्हणाले. “रोज पोळ्या करणारी बाईसुद्धा तव्यावर आधी पाण्याचा थेंब टाकून बघते.”

मला राग आला. आज कबूल करायला हरकत नाही, चांगलाच आला. मे महिना होता, नागपूर होतं, पारा पंचेचाळीसवर होता. खिडकीतला कूलर एवढा घरघरत होता, की प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणावं लागत होतं. आणि ‘बेरीज कुणाला हवी आहे?’ हे वाक्य मोठ्यानं म्हटलं की भांडण वाटतं. म्हणून मी पानं गोळा केली आणि उठले.

काय शोधत होतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे माझा राग समजेल.

युरोपातल्या एका मोठ्या यंत्रात शिशाच्या अणूंची केंद्रकं समोरासमोरून प्रचंड वेगानं आणून आदळवतात. नेम नेमका बसला तर दोन्हींचा चुराडा होतो. पण बहुतेक वेळा ती अर्धवट घासून जातात, आणि ज्या भागाची टक्कर होत नाही तो तसाच सरळ पुढं निघून जातो. त्या भागात प्रोटॉन असतात, प्रोटॉनवर विद्युतभार असतो, आणि धावता विद्युतभार म्हणजे वीजप्रवाह. प्रवाह आला की चुंबकीय क्षेत्र आलंच. हे माझे बाबाही सांगतील, ते वीज मंडळात लाइनमन होते. फक्त हे क्षेत्र अचाट असतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाला एकावर अठरा शून्यं एवढ्यानं गुणा, साधारण तेवढं. आणि टिकतं इतकं कमी, की तेवढ्या वेळात उजेडसुद्धा एका अणूच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचत नाही.

तिथं होकायंत्राची सुई ठेवता येत नाही. मग क्षेत्र होतं हे कळणार कसं? तर टक्करीतून जे कण बाहेर उधळतात, त्यांच्या वाटा बघायच्या. क्षेत्र असेल तर धन कण किंचित एका बाजूला आणि ऋण कण किंचित दुसऱ्या बाजूला सरकलेले दिसतील. दोघांची वजाबाकी केली की उरेल ती क्षेत्राची खूण. बेरीज केली, तर धन-ऋण सगळे मिळून कुठं झुकतात ते कळतं. त्याचा चुंबकाशी संबंध नाही आणि त्याची दिशा केव्हाच ठरून गेलेली आहे.

मी तीन वर्षं वजाबाकी करत होते. मार्चमध्ये ती शून्याच्या बाहेर आली. आणि आली ती उलट्या दिशेला.

उलट्या म्हणजे, सगळ्यांची गणितं म्हणत होती की धन कण एका बाजूला सरकतील. माझे सरकले होते बरोबर विरुद्ध बाजूला. मी दोनदा तपासलं, चारदा तपासलं. तरी उलटंच. याचा अर्थ, त्या क्षणभराच्या क्षेत्राबद्दल सगळे काहीतरी चुकीचं धरून चालले होते, आणि ते पवनीच्या संघमित्रा खोब्रागडेला, म्हणजे मला, दिसलं होतं.

आमच्या गटाचं काम कोलकात्याच्या डॉ. सोमदत्ता लाहिरी बघायच्या. त्यांना मी पानं पाठवली, त्यावर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं आणि त्या ओळीच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं होती. बुधवारच्या सभेत माझं नाव पहिलं लागलं. एरवी त्या सभेला पंधरा-वीस माणसं असतात, या वेळी साठ येणार होती. माझी फेलोशिप जूनमध्ये संपत होती. पुढं काय करायचं हे मला माहीत नव्हतं, आणि परदेशात एक जागा निघते आहे, असं लाहिरी मॅडम दुसऱ्या पत्रात सहज लिहून गेल्या होत्या. मी बाबांना फोन करून सांगूनही टाकलं होतं. बाबांनी पवनीत कुणाकुणाला सांगितलं असेल ते मी विचारलं नव्हतं.

आणि सरांना बेरीज हवी होती.

थत्ते सर माझे मार्गदर्शक, त्यांच्याबद्दल एक सांगायला हवं. ते खोटं बोलत नसत. आपण सगळेच तसं म्हणतो, पण सर खरोखरच बोलत नसत, आणि त्याचा लोकांना त्रास व्हायचा. लग्नाची पत्रिका घेऊन कुणी आलं, तर आपण ‘नक्की येतो’ म्हणून मोकळे होतो. सर पत्रिका वाचून म्हणायचे, “बहुधा येणार नाही.” विभागप्रमुखांनी एकदा पाहुण्यांसमोर विचारलं, “काय थत्ते, कशी चाललीय आपली प्रयोगशाळा?” सर म्हणाले, “बंद आहे.” मूळचे वाईचे, घरात पिढ्यान् पिढ्या भिक्षुकी. नागपुरात तीस वर्षं काढूनही बोलणं तिकडचंच होतं. इंग्रजी उत्तम, पण प्रोग्रॅम लिहिताना त्यांना इंग्रजी नावं सुचत नसत. रोमन अक्षरांत मराठी शब्द घालायचे. टाकाऊ नोंदी जातात ती फाइल ‘केरसुणी’. मोजणी पुन्हा पुन्हा फिरते ती ‘रहाट’. यंत्राच्या दोन टोकांना, उरलेली केंद्रकं पुढं कुणीकडं गेली ते टिपणारी छोटी उपकरणं बसवलेली असतात. त्या टोकांना सरांनी नावं दिली होती ‘सव्य’ आणि ‘अपसव्य’.

पहिल्याच आठवड्यात हे शब्द बघून मी हसले होते. आमच्याकडं एखादं काम उगाच किचकट झालं की ‘काय ते सव्यापसव्य’ म्हणतात, तेवढीच माझी ओळख. मग शाळेपासून जवळ असलेला खिशातला शब्दकोश काढला. सव्य : उजवा. झालं, उजवं टोक ते सव्य, डावं ते अपसव्य. कामाला लागले.

त्या मंगळवारी माझ्या टेबलाशी येऊन बसले तेव्हा अकरा वाजले होते. माझा मॉनिटर बुटका होता, म्हणून एका जाड हिरव्या वहीवर ठेवलेला असायचा. त्याच्यासमोर बसून मनातल्या मनात सरांशी भांडत मी दोन ओळी बदलल्या. वजाबाकीच्या जागी अधिक केलं आणि रहाट चालू केला. साडेचार तास लागणार होते. मेसमध्ये जाऊन जेवून आले, दुपारी माझ्या खोलीतल्या कूलरमध्ये बादलीनं पाणी भरलं, उद्याच्या भाषणाची पहिली चार वाक्यं आरशात बघून म्हटली.

साडेतीनला आलेख आला.

बेरीज उलटी होती.

बाकी सगळं जसंच्या तसं. उतार तोच, आकार तोच, वीस वर्षांपासून छापून येतो तसा. फक्त जिथं खाली जायला हवं तिथं वर, आणि वर तिथं खाली. कुणी पान आरशात धरून दाखवावं तसं. निसर्ग वीस वर्षांनी एकाएकी उलटा झाला नव्हता. मीच कुठंतरी डाव्याचं उजवं केलं होतं. आणि बेरीज उलटी, म्हणजे माझी वजाबाकीही त्याच चुकीनं उलटी. ती सुलटी केली, की माझे धन कण सगळ्यांनी सांगितलेल्या बाजूला जाऊन उभे राहत होते. शोधबिध काही नव्हता.

  पहिला विचार काय आला तेही सांगते, लपवून काय करायचं. पहिला विचार हा आला की, ही बेरीज कुणी मागितलेली नाही.

सरांच्या खोलीत जाऊन मी आलेख त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पाहिला. 

“सर, उद्याच्या पानांत हा नव्हताच,” मी म्हणाले. “लाहिरी मॅडमनी वजाबाकीच मागितलीय. बेरीज कुणी मागितलेली नाही.”

“मी मागितली ना,” सर म्हणाले.

एवढंच. आवाजही चढवला नाही. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं.

“बस,” ते म्हणाले. “आता कुठं उलटलं ते शोधू. खुर्ची इकडं ओढ, कूलरसमोर.”

आम्ही प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. सर बोट ठेवत, मी वाचत. वीसेक मिनिटांत आम्ही टोकांपाशी आलो.

“सव्य टोक कुठलं धरलंयस?” सरांनी विचारलं.

“उजवं.”

“उजवं?”

“हो. सव्य म्हणजे उजवं.”

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी उजव्या हाताचं बोट स्वतःच्या डाव्या खांद्यावर ठेवलं आणि तिथून छातीवरून तिरकं खाली उजव्या कुशीपर्यंत आणलं.

“जानवं असं असतं तेव्हा ते सव्य,” ते म्हणाले. “डाव्या खांद्यावर. श्राद्धाच्या वेळी उजव्या खांद्यावर घेतात ते अपसव्य. सव्य म्हणजे डावं. वडील तर्पणाला बसले की मी शेजारी असायचो. ‘सव्य’ म्हटलं की डावा खांदा, ‘अपसव्य’ म्हटलं की उजवा. पाचव्या वर्षापासून डोक्यात बसलंय.”

“माझ्या शब्दकोशात उजवा दिलंय, सर.”

“असेल. लोक तसंही म्हणतात. शब्द दोन्हीकडं चालतो.” त्यांनी परत डाव्या खांद्याला बोट लावलं. “पण तुला जानवं आठवलं नाही?”

“सर,” मी म्हणाले, “आमच्या घरी जानवं नसतं.”

 सरांचा चेहरा असा झाला, की मलाच त्यांची दया आली. मी रागानं म्हटलं नव्हतं. आमच्या घरी नसतं, एवढंच ते होतं. बाबासाहेबांचा फोटो असतो, बुद्धाची मूर्ती असते, बाबांच्या पकडी-पान्यांची पेटी असते. जानवं नसतं.

“नसतं,” सर हळूच म्हणाले. “नसतंच. आणि हे माझ्या डोक्यात तीन वर्षांत एकदाही आलं नाही.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तोंड धुतल्यासारखे दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मग म्हणाले, “उद्या पहिलं तुझंच नाव आहे ना? तसंच राहू दे. दोन्ही आलेख दाखव. आधी चुकलेला, मग दुरुस्त केलेला. आजारी पडू नकोस.”

मी नेमका तोच विचार करत होते.

संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवरून बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. चुंबक, टोकं, डावं-उजवं. बाबांना कण कळत नव्हते, पण दिशा कळत होती.

“म्हंजे फेज बदलले म्हन ना,” बाबा म्हणाले.

“कसले फेज?”

“अव, मी नवा होतो तवाची गोठ. चिचाळच्या ट्रान्सफार्मरवर मीनं दोन फेज अदलाबदल जोडून देल्ले. वर चढलो, जोडलो, उतरलो, चाल्लो घरी. तिकडं चक्कीवाल्यानं मोटार चालू केली त चक्की उलटी फिरे. शेतातल्या मोटारी उलट्या फिरत, पानी वरच नाही चढे. सारं गाव बोंबलत.”

“मग?”

“मंग काय. दुसऱ्या दिवशी गेलो न सांगतलो, बापा, माह्याच हातानं झालं. लोकं हासले. दोन दिवस हासले.” मग बाबा म्हणाले, “हासनं दोन दिवस पुरते व माय. नाही सांगतलो असतो त चक्की उलटीच फिरत राह्यली असती न.”

“बाबा, तुम्ही लोकांना माझ्या शोधाचं सांगितलं असेल ना?”

“सांगतलो ना. आता हे बी सांगतो,” बाबा म्हणाले. “मले कोन हासते?”

बुधवारी दुपारी साडेतीनला आम्ही दोघं विभागाच्या सभेच्या खोलीत बसलो. कूलर बंद करावा लागायचा, नाहीतर माइकमध्ये नुसती घरघर जायची आणि तिकडची माणसं विचारायची, तुमच्याकडं वादळ आहे का? त्यामुळं खोलीची भट्टी झाली होती. सरांच्या सदऱ्याची पाठ चिकटली होती. पडद्यावर चौकोनांत चेहरे येत गेले. मी मोजणं सोडून दिलं.

लाहिरी मॅडमनी माझं नाव घेतलं, दोन कौतुकाची वाक्यं म्हटली. ती ऐकताना कान तापले. मग मी चुकलेला आलेख दाखवला आणि म्हणाले, “आठ दिवसांपूर्वी मी तुम्हाला हे पाठवलं होतं. हे चूक आहे.” दुसरा दाखवला. टोकांची अदलाबदल झाली होती, दुरुस्त केल्यावर सरकण्याची दिशा सगळ्यांच्या अंदाजाशी जुळते, फरक अगदी लहान आहे, अजून माहिती लागेल. चार मिनिटांत संपलं. चाळीस मिनिटांचं भाषण होतं ते.

 मग लाहिरी मॅडमनी चष्मा सारखा केला.

“संघमित्रा, टोकांची नावं ही फार प्राथमिक गोष्ट आहे,” त्या म्हणाल्या. त्या इंग्रजीतच बोलत होत्या, पण मला ते आजही मराठीत आठवतं. “प्रत्येक गटाकडं याची लेखी नोंद असते. काम सुरू करण्याआधी ती वाचायची असते. तुमच्याकडं नव्हती का? की होती आणि वाचली नाही?”

प्रश्न अगदी रास्त होता. साठ चेहरे माझ्याकडं बघत होते. आणि माझं डोकं त्या क्षणी पूर्ण कोरं झालं, कारण ‘लेखी नोंद’ हे शब्द ऐकल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर एक हिरवी वही आली. पहिल्या दिवशी सरांनी माझ्या हातात दिलेली. “आधी हे सावकाश वाच,” असं म्हणून दिलेली. मी दोन पानं चाळून, प्रोग्रॅम चालतोय ना, मग वाचू सवडीनं, असं म्हणून बाजूला ठेवलेली. आणि मॉनिटर बुटका निघाला म्हणून...

 

सरांनी हात पुढं करून माइक स्वतःकडं ओढला.

“मोरेश्वर थत्ते बोलतोय,” ते म्हणाले. “ती नावं मी ठेवली. माझ्या भाषेतला शब्द आहे. तो माझ्या घरात डावा होतो आणि शेजारच्या घरात उजवा होतो. तो कुणाला दोन्ही अर्थांनी कळू शकतो, याचा मी विचार केला नाही. लेखी नोंद कुठंच नाही. मी कधी केली नाही. चुकीपुढं कुणाचं नाव लिहायचं असेल, तर माझं लिहा. बेरजेचा आलेख संघमित्रानं काढला आणि काल दुपारी तीच तो घेऊन माझ्याकडं आली. माझं संपलं.”

आणि माइक माझ्याकडं सरकवला. जेमतेम पाऊण मिनिट बोलले असतील.

पडद्यावर लाहिरी मॅडम हसल्या. “थत्ते, तुम्ही अजून तसेच आहात,” त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “स्वतःच्या शोधावर स्वतः पाणी ओतायला लोक घाबरतात. तू आदल्या दिवशी ओतलंस. हे मी लक्षात ठेवीन.” पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

मी माइक बंद केला. सरांनी उठून आधी कूलर चालू केला.

मी गप्प बसले होते. ते गप्प बसणं आज बारा वर्षांनीही मला आठवतं. ‘नोंद आहे, मी वाचली नाही,’ एवढी पाच शब्दांची गोष्ट होती. ती मी म्हटली नाही.

सभा संपल्यावर माझ्या खोलीत गेले. मॉनिटर दोन्ही हातांनी उचलला, खालची वही ओढून काढली. तीन वर्षांत पुठ्ठ्यावर मॉनिटरच्या पायाचा गोल वळ उठला होता. पहिलंच पान उघडलं. सरांचं बारीक, सरळ अक्षर. यंत्राचं चित्र, पट्टीनं काढलेलं. एका टोकापाशी लिहिलं होतं, ‘सव्य (= डावे)’ आणि ‘डावे’खाली दोन रेघा मारल्या होत्या. तारीख माझ्या पहिल्या दिवसाच्या आदल्या दिवसाची. ती वही सरांनी जुनी काढून दिलेली नव्हती, माझ्यासाठी बसून लिहिली होती.

मी ती छातीशी धरून सरांच्या खोलीत गेले. ते डबा आवरत होते, घरी निघायच्या बेतात.

“सर, ही वही.”

त्यांनी वर पाहिलं.

“यात लिहिलेलं आहे, सर. पहिल्याच पानावर. दोन रेघा मारून.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“मीच लिहिलंय, मला माहीत नसेल तर कुणाला असेल?”

“मी वाचली नव्हती. मी ती...” इथं मला रडू फुटलं. दोन दिवसांचं सगळं एकदम आलं. “मी ती मॉनिटरखाली ठेवली होती, सर.”

“तेही माहीत आहे,” सर म्हणाले. “तुझ्या खोलीत रोज येतो मी.”

“मग तुम्ही खोटं का बोललात? तुम्ही तर लग्नालासुद्धा...”

“एक बोललो,” सर म्हणाले. “लेखी नोंद नाही, एवढं एकच. बाकीचं सगळं खरं होतं, तपासून बघ.” ते डब्याचं झाकण लावत होते, ते बसत नव्हतं. “वहीत अर्थ लिहिला होता. पण जो शब्द समजायला दुसरी वही लागते, तो शब्दच मी ठेवायला नको होता. तुझ्या घरी काय असतं, काय नसतं, हे मला तीन वर्षं माहीत होतं. तू तीन वर्षं वही वाचली नाहीस, मी तीन वर्षं विचार केला नाही. दोघांची बेरीज केली तर माझंच पारडं जड आहे. शिवाय मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. माझ्या नावापुढं एक चूक लागली तर काय होतंय? तुझं नाव अजून लिहायचंय.”

मी वही त्यांच्या टेबलावर ठेवायला गेले. त्यांनी हातानं थांबवलं.

“नेऊन ठेव परत. मॉनिटर खाली जाईल, मान दुखेल तुझी.”

एवढं बोलून ते डबा घेऊन निघाले. दारातून वळून म्हणाले, “पण आता वाचून ठेव.”

सप्टेंबरमध्ये लाहिरी मॅडमच्या शिफारशीवर मला ती जागा मिळाली. सर वाईला गेले. मी वर्षातून एकदा भेटायला जात असे. वहीचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. मी मात्र एक केलं. गेल्या गेल्या लाहिरी मॅडमना पत्र लिहून ती पाच शब्दांची गोष्ट कळवली. त्यांचं उत्तर आलं, ‘मला अंदाज होता. थत्ते खोटं बोलताना सभेत कधी नव्हे ते इतके घामाघूम दिसले.’ मी त्यांना कूलरचं सांगितलं नाही.

सर मागच्या वर्षी गेले. बातमी कळली तेव्हा मी परगावी होते, पोचू शकले नाही. त्यांचा मुलगा म्हणाला, “बाबा तुमच्याबद्दल सांगायचे. म्हणायचे, एक मुलगी होती, तिनं मला डावं-उजवं शिकवलं.”

यंत्राची माहिती साठत गेली. त्या क्षणभराच्या क्षेत्रानं कण कुठं वळवले, ते आता मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. क्षेत्र स्वतः कुणालाच दिसत नाही, ते केव्हाच विरून गेलेलं असतं. जे त्यातून गेले त्यांच्या वाटेवरूनच ते होतं असं समजायचं. हे वाक्य वर्गात म्हणताना मला दरवेळी एक घामेजलेली खोली आठवते आणि मी जरा थांबते. विद्यार्थ्यांना वाटतं, मी पाणी पिण्यासाठी थांबले.

माझ्याकडे नवीन विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी मी त्याच्यासाठी एक वही लिहून ठेवते. टोकांना मी नुसतं ‘डावं’ आणि ‘उजवं’ म्हणते. महिन्याभरानं त्याच्या खोलीत सहज डोकावून मॉनिटरखाली काय आहे ते बघते. असलं काही, तर बोलत नाही. फक्त बेरजेचा आलेख मागते.